आईचा मंगळवार

आमच्या घरात ‘काय नाय’ हे उत्तर दिवसातून पन्नास वेळा ऐकू यायचं आणि ते नेहमी आईच्याच तोंडचं असायचं. काय गं, डोकं दुखतंय का? काय नाय. जेवलीस का? काय नाय, जेवते मागनं. डोळे लाल का झालेत? काय नाय, चुलीचा धूर. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की प्रश्न विचारतानाच आम्ही उठून चालायला लागायचो. ठाऊक असलेलं उत्तर कोण बसून ऐकतंय? मी तर नाहीच. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, मॅट्रिक झाले होते, शिक्षिकेच्या कोर्सला नंबर लागायची वाट बघत घरी बसले होते, आणि मला वाटायचं की या आळीत अक्कल काय ती मला एकटीलाच आहे.

आळी साजगावच्या अंगाला. समोर पूर्वी भाताची खाचरं होती, तिथे कारखाना झाला. बाबा त्याच कारखान्यात पहिल्या पाळीला. सकाळी सातला भोंगा, दुपारी तीनला भोंगा, रात्री अकराला भोंगा, आणि आमची जेवणंखाणं, अंघोळी, भांडणं सगळी त्या भोंग्यावर. घर विटांचं झालं होतं, पण चूल तीच होती. कार्तिकातल्या जत्रेत वर्षाची सुकी मासळी भरून ठेवायची आणि मग वर्षभर तांदळाची भाकरी, सुकट नाहीतर जवळा, आणि वर कढी. आईच्या भाकरीला कधी चीर गेलेली मी पाहिली नाही. आज माझी सून यंत्रावर भाकरी करते, बरी करते, पण थापण्याचा तो आवाज नाही, आणि मला अजून तो आवाज ऐकल्याशिवाय जेवणाची वेळ झाली असं वाटत नाही.

बाबा भला माणूस. दारूला शिवायचे नाहीत, आईवर कधी हात उचलला नाही, पगार आणून तिच्या हातात द्यायचे. आमच्या आळीच्या बौद्ध मंडळाचे ते सेक्रेटरी होते. विहारात बोलायला उभे राहिले की शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जायचं. मी जन्मायच्या आधी आळीनं धम्म घेतला तेव्हा घराघरातले देव पाटीत भरून पाताळगंगेत सोडून आले, त्यातली पहिली पाटी बाबांच्या डोक्यावर होती. ही गोष्ट आळीतल्या आम्ही पोरांनी इतक्या वेळा ऐकली होती की पाटी किती जड होती तेही आम्हाला पाठ होतं. घरी आल्यावर बाबा पेपर मोठ्यानं वाचायचे, त्यावर बोलायचे, आणि आई भाकरी थापत ‘हां’, ‘हां’ म्हणायची. अशा घरात बाईला दुःख असेल असं कोणाच्या मनात यायलाच जागा नव्हती. भल्या माणसाच्या बायकोनं रडायचं कशाला, असा आमच्या आळीचा सरळ न्याय होता.

त्या साली मुंबईहून एक बाई आल्या. सुमतीबाई त्यांचं नाव. मानसशास्त्र शिकलेल्या, बारीक अंगाच्या, सुती साडी, खांद्याला शबनम, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कर्जतला बहिणीकडे उतरल्या होत्या. शेतं जाऊन कारखाने आले, तर घरातल्या बायकांच्या मनाचं काय झालं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी तीस प्रश्नांचा एक फॉर्म होता आणि तो घेऊन गावोगाव फिरायला लिहितावाचता येणाऱ्या मुली हव्या होत्या. शाळेतल्या बाईंनी माझं नाव सांगितलं. बाबांनी दोन दिवस विचार करून होकार दिला. “कामाचं काम, ज्ञानाचं ज्ञान,” म्हणाले. आळीतल्या बायका मात्र सुमतीबाईंना ‘इचारनारी बाय’ म्हणायच्या. मन तपासतात म्हणजे नक्की काय करतात, हे कोणालाच कळत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी कळल्यासारखा चेहरा करून फिरायचे.

काम दिसायला सोपं. प्रश्न वाचायचा आणि नेहमी, कधीकधी, कधीच नाही, या तीन चौकटींपैकी एकीत खूण करायची. पण सुमतीबाईंचे नियम फार. बाई कामात असेल तर आधी तिच्याबरोबर कामाला बसायचं. पहिला प्रश्न फॉर्ममधला विचारायचाच नाही, ‘आज काय रांधलं?’ असं विचारायचं. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, मध्ये तोंड उघडायचं नाही. आणि बाई जे बोलेल ते तिच्याच शब्दांत फॉर्मच्या कडेला, समासात, लिहायचं.

लोधिवली, चौक, इकडे खोपोलीच्या अंगाची गावं, सगळीकडे मी पायी नाहीतर मिळेल त्या टेंपोतून हिंडले. गंमत अशी की कोणतीही बाई स्वतःचं उत्तर द्यायचीच नाही. “झोप लागते का?” विचारलं की उत्तर यायचं, “आमच्यात सगली गपगार झोपतान.” “भूक लागते का?” “न लागाया काय झालं? मालक तर तीन भाकऱ्या खातान.” मी सुरुवातीला तसंच लिहून आणलं. सुमतीबाई म्हणाल्या, “सुजाता, मालकांच्या भाकऱ्या मला नकोत. हिच्या किती?” मग मी परत जायचे, जवळा निवडायला बसायचे, दहापर्यंत मोजायचे. आणि खरंच, सात-आठच्या सुमाराला काहीतरी बाहेर पडायचं. ‘जीव लागत नाय कशात.’ ‘पोटात सारखं धस्स होतंय.’ ‘लावणीला जायचो तवा दहाजनी असायचो, आता भिताडाशी बोलावं तर भिताड बी नवं.’ हे सगळं मी समासात भरून आणायचे आणि शनिवारी खोपोली-कर्जत गाडीनं जाऊन देऊन यायचे. सुमतीबाई एकेक फॉर्म वाचायच्या आणि मान हलवायच्या. मला अभिमान वाटायचा. बाईमाणसाचं मन कसं ओळखावं ते आपल्याला साधलं, असं वाटायला लागलं होतं.

घरं त्यांनी यादीतून निवडली होती, दर पाचवं घर. आमच्या आळीची यादी निघाली तर त्यात आमचं घर. आता मला सांगा, आपल्याच आईला काय फॉर्म घेऊन विचारायचं? शुक्रवारची संध्याकाळ होती, सकाळी कर्जतला जायचं होतं. आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि मी तिच्यापासून दोन हातांवर बसून तिचा फॉर्म भरला. तीस प्रश्न, तीस खुणा. भूक लागत नाही असं होतं का? कधीच नाही. रडू येतं का? कधीच नाही. एकटं वाटतं का? कधीच नाही, आम्ही आहोत की. सत्तावीस नंबरचा प्रश्न होता, ‘जगू नये असं वाटतं का?’ तिथे तर मला हसूच आलं. कधीच नाही. पाच मिनिटांत झालं. आईनं विचारलं, “काय लिवतीस गं?” मी म्हणाले, “काय नाय.”

कर्जतला सुमतीबाईंनी तो फॉर्म हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग म्हणाल्या, “या बाई एक शब्दही बोलल्या नाहीत?”

“कमी बोलतात,” मी म्हणाले.

“कोण आहेत?”

“माझी आई.”

त्यांनी फॉर्म माझ्यासमोर सरकवला. सगळ्या खुणा एका ओळीत, शिवणीच्या टाक्यांसारख्या, आणि समास कोरा. बाकीचे सगळे फॉर्म कडेकडेनं काळे झालेले, आणि माझ्या आईचाच तेवढा पांढरा स्वच्छ. “तिला विचारलंस का?” त्यांनी विचारलं. त्या रागावल्या नाहीत, हेच मला जास्त झोंबलं. एक नवा फॉर्म काढून दिला आणि म्हणाल्या, “बुधवारी आण. नाही जमलं तर आणू नकोस. पण न विचारता आणू नकोस.”

परत येताना गाडीत मी इतकी धुमसत होते की खोपोली कधी आली ते कळलं नाही. स्वतःला समजते कोण ही बाई? माझी आई मला ठाऊक नाही आणि हिला ठाऊक? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. दोन दिवस मी तो फॉर्म उशीखाली ठेवून घरात फणकारत फिरले.

सोमवारी दुपारी, तीनचा भोंगा व्हायला वेळ होता तेव्हा, आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढे बसले. सूप ओढून घेतलं. “आज काय रांधलं?” मी विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, “डोकं फिरलं का तुजं? आत्ताच जेवलीस ना?” मला हसू आलं, तिलाही आलं. मग मी फॉर्म काढला. ती लगेच म्हणाली, “लिव की काय नाय म्हनून. तुला म्हाईत हाय सगलं.”

“नाय म्हाईत,” मी म्हणाले. “खरंच नाय म्हाईत, आये.”

झोपेचं विचारलं. “लागते,” ती म्हणाली. मी मोजायला लागले. सातावर ती म्हणाली, “लागते म्हंजे, डोलं मिटते. झोप नाय.” भुकेचं विचारलं. “तुमी जेवता ना, मग माजं पोट भरतं.” मी मोजत राहिले. “चव लागत नाय गं, मिठाची बी नाय.” मी समासात लिहून घेतलं. बारावा प्रश्न होता, ‘मनातलं कोणाला सांगता?’ तो ऐकून आई हसली. हसली ती नीट तोंडभर हसली, आणि मग सुपातल्या तांदळाकडे बघत बोलायला लागली.

“हुता माजा मंगलवार,” ती म्हणाली. “नवी नवरी हुते तवा. माज्या अंगात याचं. येरवी सासू मला उंबऱ्यावं बसू देयाची नाय, पन मंगलवारी पाट टाकायची. मी घुमाया लागले का सगली हात जोडून म्होरं बसाची. आनि मी बोलाचे. हिला उपाशी ठेवता, हिच्या पाठीत लाकूड घालता, घर बुडवीन तुमचं, असं. सासू नाक घासाची. मग आठ दिस लाकूड नाय. पोटभर भात.”

“म्हणजे देवी बोलायची, का तू?”

“काय म्हाईत गं. पन तोंड माजंच हुतं.” तिनं एक खडा टाकला. “देव गेलं ते बेसच झालं. तुज्या बापानं केलं ते बराबर केलं, मी बी शपथ घेतली, मोडायची नाय. पन देवाबरोबर माजा मंगलवार बी गेला नदीत. मग लावनी हुती, कापनी हुती. खाचरात वाकून दहाजनी बोलायचो, दिस जायचा. आता खाचरं बी गेली. सातचा भोंगा झाला, तुजा बाप गेला, तू तुज्या सर्वेला गेलीस, का घर असं अंगावं येतं.”

उरलेले प्रश्न मी कसे विचारले मला आठवत नाही. सत्तावीसवा मात्र आठवतो. तो मी गाळणारच होते. पण तिनंच विचारलं, “अजून हायत का?” मग मी वाचला. जगू नये असं वाटतं का? दहापर्यंत मोजलं. पुन्हा दहापर्यंत मोजलं.

“कदीकदी लिव,” आई म्हणाली. “नेमी लिवू नको. आनि बापाला सांगू नको, त्याला लागंल. तो लय चांगला हाय.”

मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली. परक्या शंभर बायकांपुढे मी मांडी घालून बसले होते आणि ही दोन हातांवर होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, तर तीच मला थोपटत म्हणाली, “काय नाय गं, काय नाय.”

बुधवारी फॉर्म वाचून सुमतीबाईंनी तो गठ्ठ्यात ठेवला नाही. म्हणाल्या, “हे आता सर्व्हेचं काम राहिलं नाही. पुढचं ठरेपर्यंत आईला एकटं ठेवायचं नाही, तू घरी थांब. मी येऊ का, हे त्यांना विचार. आणि वडिलांना कळायला हवं, तेही त्यांना विचारूनच.” मी आईला विचारलं. दुसऱ्या दिवशी सांजेला दिवा लावताना ती म्हणाली, “येऊं दे. भाकरी घालू तिला. आनि तुज्या बापाला तिलाच सांगू दे.”

रविवारी त्या आल्या. बाबांनी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. सुमतीबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की तुमच्या पत्नींचं मन आजारी आहे, त्यांना झोप नाही, अन्नाला चव नाही, आणि कधीकधी जगावंसं वाटत नाही. बाबांचा चेहरा काळवंडला. पण सेक्रेटरीचा आवाज आधी निघाला. “बाई, घुमणं, भगत, गंडेदोरे, सगळं आम्ही नदीत टाकलंय. आमच्या घरात असले प्रकार चालत नाहीत.”

“मी गंडा बांधायला आले नाही,” सुमतीबाई म्हणाल्या. “डॉक्टरांनाही दाखवू. पण आधी त्यांचं कोणीतरी ऐकायला हवं.”

“मग मी काय ऐकत नाही का?” बाबा म्हणाले.

“नाय,” चुलीकडून आई म्हणाली.

एवढंच. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, आणि बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली. बाबांपुढे तिनं ‘नाही’ म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. आत भाकरी करपल्याचा वास सुटला, कोणी उठलं नाही. बाबा खाली बघत होते. मग त्यांनी विचारलं, “कवापासनं?” घरात ते शुद्ध बोलायचे, सेक्रेटरी होते ना. त्या दिवशी ते आमच्यासारखं बोलले. आई म्हणाली, “मंगलवार गेला तवापासनं.”

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी ती पहिले पंधरा दिवस पेंगायची, मग जरा मानवल्या. सकाळच्या भोंग्यापासून तीनच्या भोंग्यापर्यंत मी तिला सोडून कुठे गेले नाही, बाकीची घरं दुसऱ्या मुलीनं केली. सुमतीबाई दर पंधरवड्याला यायच्या आणि तिच्याबरोबर पडवीत बसायच्या. पण मधल्या दिवसांचं काय, तर तो मार्ग बाबांनी काढला, आणि तोही त्यांच्या पद्धतीनं, ठराव केल्यासारखा. मंगळवारी पाळी सुटली की पाय धुऊन ते पडवीत बसायचे. पाट आईला, स्वतः खाली. पेपर नाही, चहा नाही. “बोल,” म्हणायचे. पहिले दोन मंगळवार आई तांदूळ महागले एवढंच बोलली. तिसऱ्या मंगळवारी ती सासूबद्दल बोलली, बाबांच्या सख्ख्या आईबद्दल, लाकडाबद्दल. बाबा मध्येच म्हणाले, “तशी नव्हती गं ती,” आणि मी घरातून ओरडले, “बाबा, दहापर्यंत मोजा!” त्यांच्या ओठांवरून दिसत होतं, ते खरंच मोजत होते.

आळीत बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? सेक्रेटरीच्या घरी पुन्हा मंगळवार सुरू झाला, बाईला पाटावर बसवतात, नवरा खाली बसतो. मंडळाच्या बैठकीत एकानं उभं राहून विचारलंच, की देव परत आणलेत का? शपथ मोडणाऱ्याला मंडळात जागा नव्हती, आणि मंडळ हे बाबांचं आयुष्य होतं. मी बायकांच्या बाजूला बसले होते. बाबा उठले. “मंगळवार आणलाय,” म्हणाले, “देवी नाही आणली. बायको बोलते, मी ऐकतो. वीस वर्षं ऐकलं नव्हतं, ते ऐकतोय. हे धम्माविरुद्ध आहे असं कोणाला वाटत असेल त्यानं ठराव मांडावा, मी इतिवृत्तात लिहून घेतो.” ठराव कोणी मांडला नाही. घरी जाताना बायकांमधली एक म्हातारी माझ्या कानात पुटपुटली, “आमच्या म्हाताऱ्याला बी पाठवू का गं तुज्या बापाकडं, शिकाया?”

पुढे मी हेच काम केलं, शाळांतून, दवाखान्यांतून, केस पांढरे होईपर्यंत. हाताखालच्या मुलींना एकच सांगत आले, की आपल्या घरचा फॉर्म दुसरीला भरायला द्या. त्या हसतात. त्यांना वाटतं म्हातारी काहीतरी नियम सांगते.

वर्षानं सुमतीबाईंची दुसरी फेरी आली. तोच फॉर्म, तेच तीस प्रश्न. आई आता जेवत होती, वाटेनं जाताना बायकांना हाक मारत होती, माझ्यावर खेकसत होती. मला वाटलं, यंदा मजा येणार. पडवीत बसलो. तिनं भराभर उत्तरं दिली, समास भरत गेला. सत्तावीसवा आला तेव्हा मी पेन्सिल ‘कधीच नाही’वर टेकवूनच वाचला. आईनं माझा हात धरला. पेन्सिल काढून घेतली. तिला अक्षर येत नव्हतं, पण चौकटी ओळखू लागली होती. पेन्सिल मुठीत धरून तिनं मधल्या चौकटीत खूण केली. कधीकधी.

“आये,” मी म्हणाले, “अजून?”

“खरं इचारलंस ना? मग खरं लिव.” तिनं पेन्सिल परत दिली आणि समासातल्या उरलेल्या जागेवर बोट ठेवलं. “आनि हितं कडंला लिव, नवऱ्याला म्हाईत हाय.”